ठशाचा प्रवास

वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळसमोरच्या दक्षिण तीरावर वसलेल्या अंजनवेलचे नाव इतिहासात गोपाळगडामुळे आणि अंजनवेलच्या सुभ्यामुळे येते; आधुनिक दंतवैद्यकाशी मात्र या गावाचे नाते, कोकणातल्या इतर किनारी गावांप्रमाणे, दीर्घकाळ अंतरानेच ठरवले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले, तेव्हा या किनाऱ्याचे मुंबईशी दळणवळण मुख्यतः आगबोटीने होत असे आणि दाभोळ हा तिचा एक थांबा होता. जबड्याच्या सांध्यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्प्लिंटचा, म्हणजे दातांवर काढघाल करता येणाऱ्या कडक आवरणाचा, इतिहास या अंतराच्या संदर्भात पाहिला, तर त्यातले काय बदलले आणि काय टिकले हे स्पष्ट होते.

खालचा जबडा कानापुढे कवटीला जिथे जोडला जातो, तो हा सांधा. तोंड उघडताना होणारा कटकट आवाज, घास चावताना होणारी वेदना आणि झोपेत दात खाण्याची सवय यांवर आवरण वापरतात; त्यांपैकी दात खाण्याच्या सवयीवर ते वापरण्याचा विचार व्हिएन्नाच्या कारोली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला. १९३४ मध्ये अमेरिकेतील जेम्स कॉस्टेन यांनी कानाच्या तक्रारींचा संबंध गळालेल्या दाढांशी आणि त्यामुळे सांध्यावर पडणाऱ्या दाबाशी जोडला. ही मीमांसा पुढे शरीररचनेच्या अभ्यासात टिकली नाही. आवरणाचा उपचार मात्र टिकला, कारण त्याने दातांची झीज कमी होते, स्नायूंवरचा ताण हलका होऊ शकतो आणि नको असल्यास ते काढून ठेवता येते.

आवरण करण्याच्या पारंपरिक पद्धतीत प्रथम दातांचे माप, म्हणजे ठसा, घेतात. त्यासाठी पूर्वी जपानी समुद्रशैवालापासूनचा अगार वापरात होता. दुसऱ्या महायुद्धात तो मिळेनासा झाल्यावर तपकिरी शैवालातून काढलेल्या अल्जिनेटने त्याची जागा घेतली. रत्नागिरीच्या कातळी किनाऱ्यावर वाढणारे सरगॅसम याच वर्गातले आहे. मापात प्लास्टर ओतून दातांची प्रतिकृती करायची, तिच्यावर मेणाचा आकार घडवायचा, तो साच्यात बंद करून मेण वितळवायचे आणि रिकाम्या जागी ॲक्रिलिक भरून ते गरम पाण्यात पक्के करायचे, असा हा क्रम असतो. त्यात प्लास्टर किंचित फुगते, ॲक्रिलिक किंचित आकसते आणि उरलेला फरक प्रयोगशाळेतल्या डेंटल मेकॅनिकच्या हाताला भरून काढावा लागतो.

संगणकीय पद्धतीत तोंडात फिरवलेला छोटा कॅमेरा दातांचे त्रिमितीय चित्र टिपतो, आवरणाचा आकार पडद्यावर ठरतो आणि यंत्र ते ठोकळ्यातून कोरते किंवा थरावर थर चढवून छापते. पहिल्या पद्धतीतली आकसण्याची चूक येथे कमी होते. तिच्याऐवजी स्कॅनमधील तुटकपणा आणि थरांच्या जोडातील दोष यांवर लक्ष ठेवावे लागते. वेदना कमी होण्याच्या बाबतीत मात्र दोहोंत ठळक फरक आढळलेला नाही.

आज वाशिष्ठीला मिळणाऱ्या जगबुडीच्या खोऱ्यात, खेड तालुक्यात, दंत महाविद्यालय आहे. माप फाइल होऊन क्षणात कुठल्याही प्रयोगशाळेत पोहोचू शकते आणि आवरण हरवल्यास, दातांची ठेवण तीच असेल तर, त्याच फाइलीवरून दुसरे करता येते. प्रयोगशाळेचे अंतर असे मिटले, तरी दवाखान्याचे मिटलेले नाही. कारण आवरण कोणत्याही पद्धतीने केलेले असो, रंगीत कागदाची पट्टी दातांखाली धरून, उमटलेले ठिपके पाहून, ते रुग्णाच्या तोंडातच घासून बसवावे लागते.