तळटीप १७ : ‘बियाँ-पाँसाँ’

१७. बियाँ-पाँसाँ : शब्दशः ‘योग्य विचार करणारे’. फ्रेंचमध्ये आज हा टोमणाच आहे. गंमत अशी, की एकेकाळी तो सनातनी कॅथलिक प्रतिष्ठितांना उद्देशून मारला जाई. जॉर्ज बेर्नानोस यांच्या १९३१ सालच्या एका पुस्तकाच्या नावातच तो येतो. आता तो जपून बोलणाऱ्या पुरोगामी मंडळींवर उलटला आहे.

येथे रोख आहे तो मिशेल वेलबेक यांच्या ‘सुमिसियाँ’ (शरणागती) या कादंबरीकडे. तिच्यात २०२२ साली एका मुस्लिम पक्षाचा नेता फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष होतो. निवेदक फ्रान्स्वा हा युइस्माँस या, उत्तरायुष्यात कॅथलिक श्रद्धेकडे वळलेल्या, कादंबरीकाराचा अभ्यासक. धर्मांतर केले तर सोर्बोनमधली नोकरी, घसघशीत पगार आणि एकाहून अधिक बायका, हे सगळे तो जमाखर्च मांडावा तसे तोलतो. खिल्ली इस्लामची की पोटार्थी प्राध्यापकांची, हा वाद त्यातूनच उठला. (आमच्या मते प्राध्यापकांचीच अधिक.)

कादंबरी ७ जानेवारी २०१५ रोजी विक्रीला आली. त्याच दिवशी ‘शार्ली एब्दो’ या व्यंगसाप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला झाला; त्याच्या त्या दिवशीच्या अंकाच्या मुखपृष्ठावर वेलबेक यांचेच व्यंगचित्र होते.