एचआयव्ही संसर्गाचा प्रारंभकाळ : प्रतिरक्षा पेशींची भूमिका

एचआयव्ही शरीरात शिरल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत प्रतिरक्षा पेशी या विषाणूच्या वाहक, भक्ष्य आणि विरोधक अशा तिन्ही भूमिकांत असतात. लढायला धावून येणाऱ्या पेशींमध्येच तो वाढतो, हे या रोगाचे मर्म आहे.

लैंगिक संबंधातून लागण होते तेव्हा विषाणू प्रथम जननमार्गाच्या किंवा गुदाशयाच्या श्लेष्मल आवरणात पोचतो. तेथील डेंड्रिटिक पेशींचे काम म्हणजे जंतूचे अंश लसीका ग्रंथीत नेऊन टी पेशींना दाखवणे. एचआयव्हीच्या बाबतीत त्यांच्यासोबत अखंड विषाणूही तेथे जाऊ शकतो. टी पेशीत शिरण्यासाठी त्याला सीडी४ हे प्रथिन आणि बहुतेक वेळा सीसीआर५ हा १९९६ मध्ये ओळखला गेलेला सहग्राही लागतो. सीसीआर५ जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असणाऱ्यांना हा संसर्ग क्वचितच होतो.

सुमारे दहा दिवस रक्तात विषाणू सापडत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र त्याचे प्रमाण मिलिलिटरमागे दहा लाखांच्याही वर जाऊ शकते. सर्वांत मोठी हानी आतड्यात होते आणि रक्ततपासणीत तिचा पुरता अंदाज येत नाही. सीसीआर५ धारण करणाऱ्या स्मृती टी पेशी आतड्याच्या अस्तरात दाटीने असतात. त्यांचा या काळात मोठ्या प्रमाणावर नाश होतो, असे २००४ मध्ये रुग्णांवरील अभ्यासांतून दिसले. उपचारांनंतरही ही झीज अनेकांत पूर्ण भरून निघत नाही.

विषाणूला पहिला खरा अटकाव सीडी८ मारक टी पेशी करतात. १९९९ मध्ये माकडांतील या पेशी काढून टाकल्यावर एचआयव्हीचा भाईबंद असलेला एसआयव्ही आटोक्यात येईना. पण विषाणू उत्परिवर्तनाने त्यांनाही चुकवतो. प्रतिपिंडे उशिरा तयार होतात, म्हणून केवळ प्रतिपिंडे शोधणारी चाचणी या काळात निगेटिव्ह येऊ शकते. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या सहभागाने झालेल्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांना विषाणूच्या पी२४ या प्रतिजनावरून ओळखले गेले. ताप, सांधेदुखी, रात्रीचा घाम ही त्यांची लक्षणे साध्या तापासारखीच असल्याने निदान हुकण्याचा धोका मोठा असतो.

दरम्यान काही विषाणू विश्रांत स्मृती टी पेशींच्या जनुकद्रव्यात सामावून सुप्त राहतात. लवकर सुरू केलेल्या विषाणूरोधक औषधोपचाराने (एआरटी) हा साठा लहान राहतो, पण नाहीसा होत नाही. २०१४ मधील प्रयोगात माकडांना संसर्गानंतर तिसऱ्याच दिवशी औषधे सुरू केली होती. ती थांबवल्यावर विषाणू पुन्हा रक्तात आला.