एका आईचा प्रश्न

1960 चं दशक संपत आलं होतं. अमेरिकेत बॉस्टनच्या डॉक्टरांपुढे एक विचित्र कोडं आलं. योनीमार्गाचा असा एक कॅन्सर, जो तरुण मुलींमध्ये जवळजवळ ऐकिवातच नव्हता, तो काही वर्षांत आठ जणींना झाला. वय 15 ते 22. डॉक्टरांनी सगळं विचारून पाहिलं, धागा सापडेना. शेवटी त्यातल्या एका मुलीच्या आईनेच विचारलं, "ही पोटात असताना मी एक गोळी घेत होते, त्याने तर नसेल झालं?"

ती गोळी म्हणजे डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, थोडक्यात डीईएस. 1938 साली लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी शोधलेलं कृत्रिम इस्ट्रोजेन. पेटंट घेतलं नाही, त्यामुळे स्वस्त. शेकडो कंपन्या बनवू लागल्या. गर्भपात टळतो म्हणून 1940 च्या दशकात ती गरोदर बायकांना सर्रास दिली जाऊ लागली. 1957 च्या एका जाहिरातीत तर सगळ्याच गरोदर बायकांना द्या, बाळं मोठी आणि सुदृढ होतात, असा सल्ला होता!

आता खरी गोष्ट ऐका. धोक्याची चाहूल आधीच लागली होती. 1939 मध्येच अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं, की गाभण उंदरांना इस्ट्रोजेन दिलं तर पिलांचे जननअवयव नीट घडत नाहीत. 1953 मध्ये शिकागोत सुमारे 1,600 गरोदर बायकांवर चाचणी झाली. निम्म्यांना डीईएस, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. निकाल काय? गर्भपात टाळण्यात काडीचा फायदा नाही. तरीही गोळी चालूच राहिली. एक-दोन नाही, पुढची अठरा वर्षं!

1959 मध्ये गिनीपिगवरचा एक प्रयोग गाजला. गाभण माद्यांना पुरुषी हार्मोन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन दिलं. त्यांच्या मादी पिलांचं मोठेपणीचं लैंगिक वागणं नरासारखं झुकलं. म्हणजे पोटात असताना हार्मोनने काढलेली रेघ जन्मभर राहते. माणसाच्या वागण्याला इतका सरळ हिशोब लावता येत नाही, तिथे घर असतं, समाज असतो. पण शरीराच्या घडणीबाबत निसर्गाने इशारा दिलेला होता.

त्या आईचं बोलणं आर्थर हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी हसण्यावारी नेलं नाही. आठही आयांना विचारलं. सात जणींनी ती गोळी घेतली होती. तुलनेसाठी घेतलेल्या 32 आयांपैकी एकीनेही नाही. एप्रिल 1971 मध्ये हे छापून आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकी सरकारने गरोदरपणात ही गोळी देऊ नका म्हणून सांगितलं.

कॅन्सर झाला तो साधारण हजारात एकीला. पण पुढे कळलं, की अनेक मुलींच्या गर्भाशयाचा आकारच वेगळा होता. कुणाला मूल राहीना, कुणाचा गर्भ नळीत अडकला, कुणाची बाळंतपणं वेळेआधी झाली. जी गोळी मूल वाचवायला दिली, तिने पुढच्या पिढीची कूस अवघड केली. मला यातलं हेच सगळ्यात टोचतं.

दाद मागायची तर कुणाकडे? वीस वर्षांपूर्वीची बाटली कोण ठेवतं? कंपनी कोणती, हे सांगता येईना. 1980 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्ग काढला: बाजारात ज्या कंपनीचा जेवढा वाटा, तेवढी तिची भरपाई.

आपल्याकडेही जास्त मात्रेच्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिवस गेलेत का हे बघायला दिल्या जायच्या. महिला संघटना लढल्या, कंपन्या कोर्टात गेल्या. बंदी पक्की व्हायला 1988 उजाडलं.

म्हणून सांगतो, गरोदरपणात घेतलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी जपून ठेवा, मूल मोठं झालं तरी. "सगळ्यांना देतात" हे उत्तर पुरेसं नाही. "याने खरंच फायदा होतो का, आणि बाळाला काय होईल?" हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा. बॉस्टनचं कोडं सुटलं ते एका आईने विचारलं म्हणूनच.