चूक ठरवायची कोणी? ऑटोकरेक्टची साठ वर्षं

इंग्रजी कीबोर्डवर मराठी टाइप करणारे इथे किती जण आहेत? हात वर करा... बरेच आहेत. मग हा अनुभव तुम्हालाही असेल. 'आहे' लिहायला आपण ए, एच, ई दाबतो, स्पेस देतो, आणि फोन त्याचं इंग्रजी 'शी' करून टाकतो. "बाबांची तब्येत बरी शी!" आपण हसतो, पण घाईत तसंच पाठवूनही देतो. फोन असं का करतो? त्यासाठी १९६४ सालात जावं लागेल.

त्या वर्षी आयबीएममधल्या फ्रेडरिक डॅमेराऊ यांनी टायपिंगच्या चुकांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं, की ८० टक्क्यांहून जास्त चुका चारच प्रकारच्या असतात: एक अक्षर गळतं, एक जास्तीचं पडतं, एकाच्या जागी दुसरं येतं, किंवा शेजारची दोन उलटसुलट होतात. म्हणजे शब्द कोशात नसेल, तर एका अक्षराच्या अंतरावरचा शब्द शोधायचा. आता बघा, 'आहे' आणि 'शी' यांत फरक एकाच अक्षराचा, आणि कीबोर्डवर ए आणि एस शेजारी-शेजारी! हिशेब चोख आहे. चुकलं ते गृहीतक: जो शब्द माझ्या कोशात नाही, तो चुकलेलाच.

तरी बराच काळ यंत्र फक्त चूक दाखवायचं, निर्णय माणूस घ्यायचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या वर्डवर काम करणाऱ्या डीन हाचामोविच यांनी हे बदललं. इंग्रजी 'द' लिहिताना अक्षरं उलटसुलट झाली, की स्पेसबार दाबताच ती आपोआप नीट व्हायची. सोय मोठीच होती. पण निर्णय आपल्या हातून निसटला तो इथे.

अर्थात, माणसाच्या हातात निर्णय असतानाही यंत्रावरचा विश्वास नडायचा. जुन्या स्पेलचेकरच्या कोशात 'को-ऑपरेशन' फक्त जोडरेषेसह होतं. जोडरेषा नसली की तो 'क्युपर्टिनो' सुचवायचा, म्हणजे कॅलिफोर्नियातलं एक गाव! लोकांनी ते स्वीकारलं, आणि युरोपीय संघाच्या अधिकृत कागदपत्रांतही 'सहकार्या'च्या जागी हे गाव छापलं गेलं.

२००७ साली आयफोन आला. काचेवर बोटाला बटण जाणवत नाही. त्यामुळे केन कोसिएंडा यांनी बनवलेल्या त्या कीबोर्डला दुरुस्तीशिवाय गत्यंतरच नव्हतं. तिथून ती सगळ्यांच्या खिशात पोचली.

मराठीचं काय? आपली अडचण वेगळी. 'फूल' दीर्घ, पण 'फुलाला' ऱ्हस्व. 'पाणी', पण 'पाण्यातून'. एकेका नामाची ढीगभर रूपं होतात. ती सगळी कोशात भरायची कशी? हंगेरियन भाषेतही हाच पेच होता. लास्लो नेमेथ यांनी त्यासाठी हनस्पेल बनवलं. त्यात मूळ शब्द आणि प्रत्ययांचे नियम वेगळे ठेवतात आणि रूपं त्यातून जुळवतात. आज फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसमध्ये तेच वापरतात. म्हणजे वाट आहे, पण मराठीचे नियम नीट लिहून देणारी माणसं हवीत. ते काम कंपनीवर सोडून भागणार नाही.

शेवटचा टप्पा २०२३चा. ॲपलने आयओएस १७मध्ये नवं भाषा-मॉडेल आणलं, त्याची बरीच चर्चा झाली. मला मात्र त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. बदललेल्या शब्दाखाली थोडा वेळ रेघ येते, आणि त्यावर बोट ठेवलं की आपला मूळ शब्द परत मिळतो. यंत्र जणू सांगतं, "मी इथे हात लावलाय, चालेल ना?"

मला विचाराल, तर सुधारणा हीच. यंत्र कितीही हुशार झालं तरी अंदाजच करणार. तो चुकला तर आपल्याला कळलं पाहिजे, आणि आपला शब्द परत घेता आला पाहिजे. 'आहे' हा शब्द आहे, हे त्याला शेवटी आपणच सांगायचंय.

आता तुमचे प्रश्न घेऊया.