पठाणावर बसलेले यंत्र

पूर्वजांची कीर्ती गाताना आपण शीड, सुकाणू व वारा यांचे वर्णन अभिमानाने करतो. परंतु ज्या यंत्राने आपल्या घराघरांचा संसार पालटला, ते लाकडी नौकेत कसे बसले, याची नोंद क्वचितच होते. ती व्हावी, एवढ्यासाठीच हा अल्प प्रयत्न.

पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९५१-५६) मासेमारी नौकांच्या यांत्रिकीकरणास सरकारी उत्तेजन मिळाले. १९५२ साली भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन केरळच्या किनाऱ्यावर नीन्दकरा येथे कार्य सुरू झाले. तेथील ओंडका कोरून केलेल्या होड्या यंत्रास मानवेनात. म्हणून नव्या धाटणीच्या नौका बांधाव्या लागल्या. आपल्या किनाऱ्याची गोष्ट निराळी. सातपाटी-वर्सोव्याची नौका मुळातच तळाशी पठाण, त्यावर वांक व वांकांवर फळ्या अशी बांधलेली. यंत्राचा भार व कंप सोसण्याचे सामर्थ्य तिच्या ठायी होते. हे आपल्या किनाऱ्यावरील सुतारांचे देणे होय.

तथापि काम सोपे नव्हते. यंत्र नुसते तळावर ठेवले, तर फळ्यांचे सांधे सुटतात. म्हणून नौकेच्या लांबीने दोन जाड तुळया अनेक वांकांवर पक्क्या करून भार विभागावा लागतो. नंतर मागील बाजूस भोक पाडून पंख्याचा दांडा बाहेर काढावयाचा. ते भोक किंचित वाकडे गेले, तरी दांडा थरथरतो, बेअरिंग झिजते व पाणी आत येते. शिवाय लाकडी नौकेचा आकार किनाऱ्यावर एक असतो आणि पाण्यात तरंगू लागताच तो किंचित बदलतो. यास्तव यंत्र व दांडा यांची अखेरची जुळणी नौका पाण्यात राहून लाकूड फुगल्यावरच करावी लागते. शिडाच्या नौका बांधणाऱ्या हातांना ही नवी विद्या शिकावी लागली.

लाभ उघड होता. वारा पडला, तरी ताजी मासळी ससून डॉकला वेळेवर पोहोचू लागली. परंतु वाऱ्याला मोल पडत नाही, डिझेलला पडते. एकट्या घराला न पेलणारे भांडवल सहकारी संस्था व सरकारी कर्जे यांमुळे अनेकांच्या आवाक्यात आले. ज्यांना ते लाभले नाही, ते मागे पडले. पुढे मोठ्या ट्रॉलरांशी लहान नौकांचा संघर्ष वाढला व राज्याला १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा करावा लागला. यंत्राने दिले तसे घेतलेही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

आज फायबरच्या नौका वाढत असून लाकडाचे काम जाणणारे हात थोडे उरले आहेत. म्हणून विनंती अशी की, ज्यांच्या घरी जुनी अवजारे, कर्जाची पुस्तके वा नौकेची छायाचित्रे असतील, त्यांनी ती जपावीत. आणि वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात. आपला इतिहास आपणच लिहिला नाही, तर तो दुसरे कोण लिहिणार?