खाडा कोणाच्या नावावर?

सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल न्यायालयात ज्यूरींची यादी करणारे अधिकारी रोजंदारीवरच्या माणसांची नावे जाणूनबुजून गाळत असत. ज्यूरीचा भत्ता तेव्हा दिवसाला ४ डॉलर होता. तेवढ्यात मजुराचे घर चालणार नाही, तो न्यायाधीशांपुढे अडचण सांगेल आणि ते त्याला सोडतील. मग बोलवायचाच कशाला, असा त्यांचा साधा हिशेब. धावत्या गाडीतून उडी टाकून जखमी झालेल्या थील नावाच्या प्रवाशाने सदर्न पॅसिफिक रेल्वेवर दावा लावला आणि या यादीलाच हरकत घेतली. १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. खरोखर अडचणीत असलेल्या एखाद्याला सूट द्यावी, पण रोजंदारीवाल्यांचा अख्खा वर्ग वगळता येणार नाही. त्या खटल्यातल्या बारा ज्यूरींपैकी निदान पाच जण कष्टकऱ्यांना जवळचे होते, तरीही निकाल रद्द झाला, कारण दोष यादीच्या रीतीतच होता.

ज्यूरीवर गेलेल्या कामगाराचा पगार आणि नोकरी या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत करताना मी त्याला आधी थीलच्या खटल्यापाशी नेईन. रजेच्या नियमांतले हे एक किरकोळ कलम वाटते खरे, पण न्याय करायला कोण बसणार, हे त्यावर ठरते. ज्यूरीत कोण बसले याचे मोल मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. १९०८ साली मुंबईत टिळकांच्या खटल्यातल्या नऊ ज्यूरींत सात युरोपीय होते आणि दोन पारशी. ज्यांवरून खटला झाला ते मूळ लेख मराठी आणि वाद त्यांच्या इंग्रजी भाषांतरांवर. १९७३ च्या फौजदारी संहितेनंतर आपल्याकडची ज्यूरी संपली. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाच्या दारात मात्र ज्यूरीचे समन्स आजही येते, आणि त्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : पगार कापतील का?

उत्तर दोन धाग्यांचे आहे आणि ते एकमेकांत गुंतू देऊ नयेत. पहिला धागा नोकरीचा. १९७८ च्या फेडरल कायद्यानुसार फेडरल न्यायालयात ज्यूरी म्हणून गेलेल्या कायम कामगाराला मालक काढू शकत नाही, धमकावू शकत नाही. तसे केल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि कामगाराच्या तक्रारीत तथ्य दिसले तर न्यायालय त्याला वकीलही देते. दुसरा धागा पगाराचा, आणि इथे तो कायदा गप्प आहे. न केलेल्या कामाचे पैसे देण्याची सक्ती फेडरल वेतन कायदाही करत नाही. तासाला २० डॉलर मिळवणाऱ्याचे आठ तासांचे १६० डॉलर बुडतात, हाती येतो ५० डॉलरचा फेडरल भत्ता. ओव्हरटाइमच्या नियमांबाहेरच्या पगारदाराने त्या आठवड्यात थोडे जरी काम केले, तरी ज्यूरीच्या दिवसांपायी त्याचा पगार कापता येत नाही. फार तर भत्त्याची रक्कम वळती होते. म्हणजे खाडा पडतो तो तासावर राबणाऱ्याचाच. मला ही तफावत अन्यायाची वाटते.

१९१६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तेराव्या घटनादुरुस्तीने वेठ बंद केली, पण सैन्य वा ज्यूरी यांसारखी नागरिकाची कर्तव्ये त्या वेठीत मोडत नाहीत. ते मला पटते. मात्र कर्तव्य सगळ्यांचे असेल तर त्याचा भुर्दंड एकट्या मजुराच्या चुलीवर का पडावा?

राज्यांनी याची उत्तरे आपापल्या परीने दिली आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले तीन दिवस मालक नेहमीची मजुरी देतो, पुढे राज्य दिवसाला ५० डॉलर देते. कनेक्टिकटमध्ये पूर्णवेळ कामगारासाठी हे पाच दिवस आहेत. अलाबामाने मालकावर पगाराची सक्ती केली, तेव्हा ती एका वृत्तपत्र कंपनीविरुद्धच्या खटल्यात कसोटीला लागली. १९७३ मध्ये कायदाच टिकला. कॅलिफोर्नियात अशी सक्ती नाही, आणि राज्याचा भत्ता दिवसाला १५ डॉलर, तोही दुसऱ्या दिवसापासून. म्हणून २०२२ मध्ये तिथल्या एका शहराने कमी उत्पन्नाच्या ज्यूरींना फौजदारी खटल्यांसाठी दिवसाला १०० डॉलर देण्याचा प्रयोग सुरू केला. ते शहर सॅन फ्रान्सिस्को.