घाटमाथ्यावरची देवळे आडवाटेला कधी गेली?

मृगाचा पाऊस स्थिरावला की पुणे, ठाणे, नाशिक या शहरांतून शनिवारी पहाटे मोटारसायकलींचे जथे सह्याद्रीकडे निघतात. दहा-पंधरा गाड्या, पुढे वाट माहीत असलेला एक जण, सगळ्यांच्या मागे दुरुस्तीचे सामान घेतलेला दुसरा, आणि मुक्कामाच्या यादीत भीमाशंकर, पूरचे कुकडेश्वर, खिरेश्वरचे नागेश्वर, रतनवाडीचे अमृतेश्वर. गेल्या तीसेक वर्षांत रुजलेली ही चाल आता जवळजवळ वारीसारखी ठरून गेली आहे. जाणाऱ्यांच्या मनात या देवळांविषयी एक ठाम समजूत असते आणि ती लिहिणाऱ्यांच्या लेखांतही उतरते: कुणा राजाने किंवा तपस्व्याने जगापासून दूर, रानात, डोंगराच्या कुशीत ही देवळे उभारली, आणि आज आपण गाडीच्या बळावर तिथवर पोहोचतो. ही समजूत मला चुकीची वाटते. ही देवळे बांधली गेली तेव्हा ती वाटेवरच होती. आडवाटेला ती गेली एकोणिसाव्या शतकात, साधारण पन्नास वर्षांच्या अवधीत, आणि त्याची कारणे आपल्याला बरीचशी माहीत आहेत.

सुरुवात नाणेघाटापासून करायला हवी, कारण तिथला पुरावा दगडावरच कोरलेला आहे. जुन्नरहून घाटघरला गेले की डांबरी रस्ता संपतो, आणि तिथून कोकणात वैशाखऱ्याकडे उतरणारी फरसबंदीची खिंड सुरू होते. खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकातीचे पैसे टाकत, असे परंपरा सांगते. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची नावे येतात, त्यांत दिलेल्या हजारो गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांचा हिशेब येतो, आणि आरंभी इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन आहे. लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्यांतल्या काहींची आता पावले उरली आहेत आणि वर नावे. एवढा महत्त्वाचा लेख राजधानी पैठणमध्ये न कोरता घाटाच्या तोंडाशी का कोरला? जिथून जास्तीत जास्त माणसे जातील, जिथे व्यापारी, हमाल आणि परदेशी पाहुणे थांबून दम घेतील, तिथेच राजघराण्याने आपला धर्म आणि आपले दान जाहीर केले, याहून सरळ उत्तर मला दिसत नाही. सह्याद्रीत देव आणि रहदारी एकत्र नांदल्याचा हा फार जुना दाखला आहे.

यावर आक्षेप येतो की व्यापारी वाटेवर असत ती बौद्ध लेणी, हिंदू देवळांचे गणित वेगळे. जुन्नरभोवतीची दीडशेहून अधिक लेणी, त्यांतल्या लेखांत येणारे यवन दाते, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी, हे सगळे व्यापाराशी जोडलेले होते हे कुणी नाकारत नाही. पण पुढच्या हजार वर्षांत बौद्ध विहार ओस पडले म्हणून घाट ओस पडले नाहीत. उत्तर कोकणच्या शिलाहारांची सत्ता ठाणे, सोपारा, चौल या बंदरांवर उभी होती. अल-मसूदी हा अरब प्रवासी इ. स. 916 मध्ये चौलला आला तेव्हा तिथे झंझ नावाचा राजा होता आणि गावात परदेशी व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती, असे तो नोंदवतो. याच झंझाने बारा शिवालये बांधल्याचे शिलाहारांच्या ताम्रपटांत म्हटले आहे. ती नेमकी कोणती, हे त्यावरून ठरत नाही. लोकपरंपरा त्यांत अमृतेश्वर, कुकडेश्वर, हरिश्चंद्रेश्वर, नागेश्वर अशी नावे घालते, आणि शैली पाहता त्यांतली काही देवळे झंझानंतरची असावीत, असे मला वाटते. पण परंपरेने बंदराचा राजा आणि घाटमाथ्याची देवळे यांची सांगड घातली, ती उगीच नसावी. बंदरात उतरलेला माल देशावर चढल्याशिवाय राजाला त्याचा लाभ नव्हता.

याला एक चांगला ताळा अंबरनाथचा आहे. तिथल्या शिवमंदिरातला लेख शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा, शिलाहार मम्वाणी राजाच्या काळातला. अमृतेश्वर आणि अंबरनाथ यांची शिखरे एकाच भूमिज घडणीची, दोन्हींचा दगड काळा, दोन्हीकडे कोरीवकामाची तीच हौस. आज अंबरनाथचे देऊळ लोकल गाडीच्या स्थानकाजवळ, गजबजलेल्या वस्तीत आहे. अमृतेश्वर धरणाच्या टोकाला, शेवटच्या वाडीत. अंबरनाथला कुणी दुर्गम म्हणत नाही आणि अमृतेश्वराला म्हटल्याशिवाय कुणी राहत नाही. दोन्ही देवळे मात्र कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांचा देशाशी संबंध जोडणाऱ्या एकाच प्रदेशात, एकाच घडणीच्या परंपरेत उभी राहिली. त्यांचे नशीब वेगळे झाले ते फार नंतर, एकाजवळून लोहमार्ग गेला आणि दुसऱ्याजवळून गेला नाही म्हणून.

सर्वांत वजनदार आक्षेप नद्यांचा आहे, आणि त्याला घाईने उत्तर देऊन चालणार नाही. भीमाशंकर भीमेच्या उगमावर, कुकडेश्वर कुकडीच्या, अमृतेश्वर प्रवरेच्या, त्र्यंबकेश्वर गोदावरीच्या. उगम हे तीर्थ, तीर्थावर शिवालय. मग व्यापाराचा संबंध आणायचाच कशाला? तीर्थाची भावना खरी होती याबद्दल मला शंका नाही, आणि ती व्यापाराचे सोंग होती असेही म्हणायचे नाही. पण सह्याद्रीच्या धारेवर पूर्वेला वाहणारे ओढे अगणित आहेत. त्यांतला कोणता नदीचा उगम मानायचा हे पाण्याच्या आकाराने ठरत नाही, माणसांनी ठरवलेले असते. आणि माणसे जिथून चढत-उतरत होती तिथलाच ओढा त्यांनी उगम म्हणून ओळखला असण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय भूगोलच असा की नदीचे खोरे हाच देशावरून घाटमाथ्यापर्यंत येणारा सोपा रस्ता. कुकडीच्या काठाने वर गेले की कुकडेश्वर लागते आणि थोडे पुढे नाणेघाट. तीर्थाला जाणारा आणि कोकणात उतरणारा अशा दोघांना बराच काळ एकच वाट चालावी लागे. तिसरी गोष्ट पैशाची. घाटमाथ्यावर पाऊस उदंड, पण जमीन उताराची आणि पातळ; भात, नाचणी, वरई पिकवून घरापुरते निघे. एवढ्या उत्पन्नावर पाथरवटांचे तांडे वर्षानुवर्षे पोसून असे कोरीव देऊळ उभे राहत नाही. पैसा बाहेरून आला असला पाहिजे, आणि त्या काळातल्या दख्खनच्या शिलालेखांत तो कसा येई याच्या नोंदी भरपूर आहेत: देवळाला जकातीतला वाटा लावून दिलेला असे, बैलाच्या पाठीवरच्या ओझ्यामागे ठरावीक देणे असे. या विशिष्ट देवळांना असा वाटा मिळत असल्याचा लेख माझ्यासमोर नाही. पण स्थानिक शेतीवर ती उभी राहिली, असे म्हणणाऱ्यानेही तसा पुरावा द्यायला हवा.

हरिश्चंद्रगडाचे उदाहरण देऊन एकांताचा मुद्दाही मांडला जातो. गडावरच्या लेखांत चांगदेवांचे नाव आहे, आणि तत्त्वसार त्यांनी इथेच लिहिले असे मानतात. तपाला एकांत हवा, हे कबूल. पण गडावर देवळासोबत लेणी आहेत, मोठी पुष्करिणी आहे, जागोजागी टाकी आहेत; एका बाजूला कोकणाची धार आणि पायथ्याशी माळशेजच्या वाटेजवळ खिरेश्वर. तिथे राहणारा साधू माणसांपासून काही घटका दूर होता, माणसांच्या जगाबाहेर नव्हता.

मग ही देवळे आडवाटेला गेली कशी? पेशवाईच्या अखेरपर्यंत घाट चालते होते. कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवरून वर जाई, धान्य खाली येई. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले त्या वाटांवर नजर ठेवत. आणि घाटांच्या राखणीत महादेव कोळी नाईकांचा मोठा भाग असे. पेशव्यांच्या काळात या पट्ट्यातल्या देवस्थानांना आश्रयही मिळाला. त्र्यंबकेश्वराचे आजचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतले आणि ते 1755 ते 1786 या काळात पुरे झाले. भीमाशंकराचे शिखर नाना फडणवीसांनी उभारले, आणि तिथली पोर्तुगीज बनावटीची घंटा 1739 च्या वसईच्या मोहिमेची आठवण मानली जाते. घाटाखालच्या किनाऱ्यावरून जिंकून आणलेली घंटा घाटमाथ्यावरच्या देवाला वाहावी, यातही वर-खाली चालणाऱ्या रहदारीचीच साक्ष आहे.

1818 मध्ये राज्य गेले आणि इंग्रजांनी किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून तोडल्या. चावंड आणि जीवधनच्या उडवलेल्या पायऱ्या आजही गड चढणाऱ्याला अडवतात. किल्ले बंद झाले तशी घाटांची राखणही बंद झाली. नाईकांचे हक्क गेले, आणि त्या रोषातून उठलेल्या राघोजी भांगरे यांना 1848 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. दरम्यान 1830 मध्ये बोरघाटात चाकांच्या गाड्या जातील असा रस्ता झाला. 1863 मध्ये त्याच घाटातून आगगाडी चढली आणि 1865 मध्ये थळ घाटातून इगतपुरीला पोहोचली. बैलाच्या पाठीवरचा माल वाघिणीत गेला. सगळी रहदारी दोन घाटांत एकवटली आणि मधले कितीतरी घाट केवळ स्थानिकांच्या पाऊलवाटा होऊन राहिले. डोंगर तेच राहिले, पाऊस तोच राहिला. फक्त माणसांनी जाणे सोडले. आपण जिला निसर्गाची दुर्गमता समजतो ती खरे तर कारभाराची आणि वाहतुकीची निर्मिती आहे. त्र्यंबकेश्वर यातून सुटले, कारण नाशिक शेजारी होते, सिंहस्थ होता आणि जव्हारकडे जाणारी वाट राहिली. हा अपवाद माझ्या म्हणण्याला बाधक नाही. उगमावरचे देऊळ रहदारीत राहिले तर गजबजते, रहदारी गेली तर रानात जाते, एवढेच त्यातून दिसते.

आजचा गाडीरस्ता या देवळांपर्यंत आला तो देवासाठी नव्हे, आणि फक्त पूर्वेकडून आला. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम 1910 मध्ये सुरू झाले आणि 1926 मध्ये संपले. रतनवाडी जलाशयाच्या पलीकडच्या टोकाला गेली आणि बराच काळ नावेने जाणे सोयीचे ठरले. कुकडीवर माणिकडोह, घोडवर डिंभे, खिरेश्वरजवळ पिंपळगाव जोगा अशी धरणे झाली. धरणांमागे रस्ते आले, जुनी गावे आणि शेते पाण्याखाली गेली, आणि ती सोसणाऱ्यांत महादेव कोळी व ठाकर कुटुंबे पुष्कळ होती. मंचर-घोडेगाववरून भीमाशंकरला जाणारा मोटारसायकलवाला डिंभ्याच्या पाण्याच्या कडेने जातो आणि देवळापाशी रस्ता संपला की त्याला जगाचे टोक आल्यासारखे वाटते. पण खांडसहून शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने चढून येणाऱ्या कर्जतच्या भाविकाला तेच देऊळ वाटेच्या मध्यावर आहे. देवळाला दोन बाजू होत्या, त्यांतली एक रस्त्याने मिटवली. माळशेजसारखा एखादा घाट सोडला तर रतनवाडी, घाटघर, भीमाशंकर सगळीकडे हेच घडले आहे, आणि ही देवळे एकाकी वाटतात याचे मला हे सर्वांत मोठे कारण वाटते.

कुणी विचारेल, चार महिने कोसळणाऱ्या पावसात या वाटा चालूच कशा असतील? पावसाळ्यात मोठी रहदारी नव्हतीच. बैलांचे तांडे दिवाळीनंतर निघत आणि रोहिणी-मृगाच्या आत परतत. भीमाशंकरची मोठी यात्रा महाशिवरात्रीला, माघात भरते. भात झोडून झालेला असतो, ओढे उतरलेले असतात, घाटाच्या पायऱ्या कोरड्या असतात. लांबून येणाऱ्याचा तो हंगाम होता. श्रावणी सोमवारही पवित्रच, पण तो प्रामुख्याने आसपासच्या पायी येणाऱ्या माणसाचा. मोटारसायकलीने हे उलटे केले. आता लांबचा माणूस आषाढ-श्रावणात धबधब्यांसाठी येतो, आणि घाट जेव्हा खरोखर चालत, त्या कोरड्या महिन्यांत तुलनेने कमी येतो. त्यामुळे जे रूप त्याच्या डोळ्यांत ठसते ते धुक्याचे आणि निसरड्या दगडांचे. माघात तोच माणूस देवळापासून पश्चिमेला थोडे चालत गेला तर कातळात खोदलेल्या पायऱ्या, झिजलेली फरसबंदी, वळणावरची पाण्याची टाकी दिसतील. नाणेघाटाची वाट प्रसिद्ध आहे म्हणून तिची नोंद झाली. बाकीच्या घाटवाटांवरची टाकी आणि पायऱ्या मोजून नकाशावर मांडल्या, कोणत्या देवळापासून कोणती वाट कुठल्या बंदराकडे उतरते हे जोडून पाहिले, तर वर केलेला तर्क खरा की खोटा हे पुराव्यानिशी ठरवता येईल. ते काम आता झाले पाहिजे, कारण वाटांवर काँक्रीट पडू लागले आहे आणि जुने दगड बांधांत जाऊ लागले आहेत. आणि त्यासाठी लागणारी माणसे, गाड्या आणि सुट्टीचे दिवस या मोटारसायकलच्या जथ्यांकडे आहेत.